पगाराची नोकरी न परवडणारा माणूस

दादरच्या फुलबाजारात पहाटे गोण्या उतरवणाऱ्या एका माणसाला गेल्या काही वर्षांत दोनदा पगाराची नोकरी मिळता मिळता गेली. पहिल्यांदा कागद पुरे पडले नाहीत. दुसऱ्यांदा कागद होते, निवड झाली, अंगावर गणवेश चढला, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कामावर जाणं बंद केलं. कंत्राटदाराचा सुपरवायझर फोनवर म्हणाला, "मॅडम, ह्या लोकांना काम नकोच असतं." तिसऱ्यांदा मात्र नोकरी टिकली. माणूस तोच होता, कामही तेच: खासगी रुग्णालयात हाऊसकीपिंग. मधल्या काळात त्यांना कोणी शिस्त लावली नाही, कसलं प्रशिक्षण दिलं नाही, समुपदेशनही केलं नाही. बदलल्या त्या वेगळ्याच गोष्टी. बेघरांसाठी काम करणाऱ्या आमच्यासारख्यांनी, आणि त्याहून अधिक माणसं कामावर घेणाऱ्यांनी, त्या नीट पाहाव्यात म्हणून हे प्रकरण लिहिते आहे.

त्यांचं नाव इथे देत नाही. फुटपाथवर सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणते. वय चाळिशीच्या आत, शाळा सातवीपर्यंत, मूळ गाव जालना जिल्ह्यातलं. गावची कोरडवाहू जमीन इतकी थोडी की तिच्यावर एक घरही धड चालत नाही. ती भाऊ कसतो. दादा मुंबईत आले ते एका बांधकामावर बिगारी म्हणून. साइटवरच झोपायची सोय होती. इमारत पुरी झाली, ठेकेदार दुसरीकडे गेला, आणि झोपायची जागा त्या इमारतीबरोबरच संपली. मुंबईत कितीतरी माणसं अशीच रस्त्यावर येतात. काम आणि निवारा एकाच हाताने दिलेले असले की दोन्ही एकाच दिवशी जातात.

बेघर, पण रोज कामावर

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेच्या प्रगणकांनी फुटपाथ, उड्डाणपुलांखालच्या जागा, फलाट, देवळांची आवारं अशा ठिकाणी झोपलेल्यांची मोजणी केली. देशभरात १७ लाख ७३ हजार माणसं बेघर भरली, त्यांतली ९ लाख ३८ हजार शहरांत. बृहन्मुंबईतला आकडा ५७ हजारांच्या आसपास होता. एका रात्रीत फुटपाथ मोजून संपत नाहीत, रात्रपाळीचा हमाल त्या वेळी झोपलेलाही नसतो, त्यामुळे खरी संख्या याहून बरीच मोठी असणार असं मला वाटतं.

या माणसांकडे पाहताना बहुतेकांची पहिली समजूत चुकते ती इथे: बेघर म्हणजे बेकार. दादा ज्या फुटपाथवर झोपायचे तिथला जवळजवळ प्रत्येक माणूस काही ना काही काम करतो. कोणी हातगाडी ओढतं, कोणी भंगार वेचतं, बाया गजरे ओवतात, पोरं केटरिंगला जातात. दादांचा दिवस उजाडण्याआधीच सुरू व्हायचा. फुलांचे ट्रक-टेम्पो रात्रीच येऊन लागतात. झेंडू, शेवंती, गुलछडीच्या गोण्या उतरवून गाळ्यांपर्यंत पोचवायच्या. हमालीचं काम म्हटलं की माथाडी आठवतो. १९६९ च्या कायद्याने माथाडी मंडळं आली आणि नोंदणी झालेल्या हमालाला मजुरीची, भविष्यनिर्वाह निधीची हमी मिळाली. दादा अशा नोंदणीच्या टोळीबाहेरचे. गर्दीच्या दिवशी हात कमी पडले की हाक मारायची, असा सुटा माणूस. गणपती ते दिवाळी बरं काम. लग्नसराईत संध्याकाळी केटरिंग, मात्र पांढरा शर्ट, काळी पँट आणि बूट जवळ असतील तरच. चातुर्मासात लग्नं बंद, पावसात बांधकामं मंद, आणि ओले कपडे वाळवायला जागा नाही.

सगळं धरून महिन्याला १८ ते २० दिवस काम लागायचं. रोज सरासरी ४५० रुपये. म्हणजे महिन्याचे आठ-नऊ हजार. रुग्णालयातल्या नोकरीत हातात साडेतेरा हजार पडणार होते, वर पीएफ आणि ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचं कार्ड. कागदावर पाहिलं तर कोणीही म्हणेल, याने उडी मारून नोकरी धरायला हवी होती.

पहिली वेळ: पिशवी

दादांकडे आधार होतं, गावच्या पत्त्याचं. जनधनचं खातंही होतं, गावाजवळच्या शाखेत. पण एका सकाळी फुटपाथ मोकळे करणारी पालिकेच्या कारवाईची गाडी आली तेव्हा दादा बाजारात होते, आणि अंथरुणाबरोबर त्यांची पिशवी उचलली गेली. तिच्यात आधार, पासबुक, शर्ट-पँट, बूट. फुटपाथवर राहणाऱ्या माणसाचं कपाट, तिजोरी आणि दप्तर एकाच पिशवीत असतं, आणि कामाला जाताना ती बरोबर नेता येत नाही. डोक्यावर गोणी असताना काखेत पिशवी कशी सांभाळणार? सांभाळायला माणूस बसवायचा तर त्याचा रोज बुडतो. कुटुंब असेल तर म्हातारी आई किंवा मोठी मुलगी राखण बसते. ती मुलगी शाळेत का जात नाही, याचं एक उत्तर इथेच आहे.

हरवलेलं आधार पुन्हा काढणं अवघड नाही, असं आपल्याला वाटतं, कारण आपला मोबाइल चालू असतो. आधारला जोडलेला दादांचा नंबर बंद पडला होता. रिचार्ज नाही, वापर नाही, म्हणून कंपनीने काढून घेतलेला. आधार डाउनलोड करायला ओटीपी हवा, ओटीपीला सिम हवं आणि सिम घ्यायला आधार. यातून सुटायचा मार्ग बोटांच्या ठशांचा. केंद्रात गेलो तर गोण्या, चुना आणि सिमेंटने झिजलेली बोटं यंत्राला वाचता येईनात. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवर ओळख पटली. तोवर रुग्णालयातली जागा भरली गेली होती.

बँकेचं सांगायचं तर दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. १ एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार असं खातं चालू करण्यासाठी केवायसी, म्हणजे ओळखीची कागदपत्रं, कुठल्याही शाखेत देता येते. आम्ही गेलो त्या शाखेत मात्र "मूळ शाखेत जा" असंच सांगितलं. जालन्याला जाऊन यायचं म्हणजे भाडं आणि तीन-चार दिवसांचा खाडा. सूचना छापून नेली, व्यवस्थापकांना दाखवली, तेव्हा काम झालं. ज्याच्याजवळ एकही कागद नाही त्याच्यासाठी नियमांत 'लघु खातं' आहे. नुसत्या फोटोवर आणि अधिकाऱ्यासमोर केलेल्या सहीवर किंवा अंगठ्यावर ते उघडता येतं. पण त्यात महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत आणि वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. साडेतेरा हजारांचा पगार त्यात बारा महिने मावत नाही.

पोलीस पडताळणीचा अर्ज सगळ्यांत जड गेला. रुग्णालयात माणूस ठेवायचा तर ती मागणारच, त्यात चूक नाही. अर्जात हल्लीचा पत्ता आणि तिथे कधीपासून राहता, ही माहिती लागते. हल्लीचा पत्ता म्हणजे एका बंद दुकानाची पायरी. गावचा पत्ता दिला तर तिकडे चौकशी होते आणि "इथं राहत नाहीत" असा शेरा येतो. खरं बोललं तरी अडतं, अर्धं खरं बोललं तरी अडतं. अखेर पालिकेच्या एका रात्र निवाऱ्यात दादांना खाट मिळाली आणि तिथल्या व्यवस्थापकांचं पत्र जोडलं, तेव्हा पडताळणी पुढे सरकली.

दुसरी वेळ: ३७ दिवस

आता सगळे कागद होते. डिसेंबरच्या ४ तारखेला दादा रुजू झाले. नऊ दिवस गेले आणि मग गेलेच नाहीत. मी विचारलं तेव्हा ते आधी काही बोलेनात. मग म्हणाले, "ताई, पगाराचं काम मला परवडत न्हाई."

मी हिशेब मागितला आणि त्यांनी तोंडी सांगितला. डिसेंबरचा पगार १० जानेवारीला होणार. ४ डिसेंबर ते १० जानेवारी म्हणजे ३७ दिवस. फुटपाथवर किंवा निवाऱ्यात चूल नाही, त्यामुळे खाणं विकत: दोन वेळचं जेवण आणि चहा धरून १३० रुपये. शौचालय, अंघोळ, आठवड्याचं कपडे धुणं मिळून दिवसाला २५. फोन चार्जिंग आणि बिडीकाडी १५. दिवसाचे १७० रुपये, ३७ दिवसांचे सव्वासहा हजारांच्या वर. दादांच्या खिशात अकराशे रुपये होते. गणवेश आणि बुटांचे पैसे पहिल्या पगारातून कापले जाणार होते, ते वेगळेच.

हमाली करणारा दादा रोज कमावतो आणि रोज खातो. नोकरी लागली त्या दिवशी त्याचं उत्पन्न वाढलं नाही, थांबलं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा, अशी कायद्याची साधारण रीत आहे. कंत्राटी कामात १० किंवा १२ तारीख उजाडते. घर असलेल्या माणसाला ही वाट पाहणं जाणवत नाही. वाण्याकडे खातं असतं, आई डबा देते, मेहुणा उसने देतो. दादांना उधार कोण देणार? उद्या हा माणूस याच पायरीवर असेल की गाडी आल्यावर दुसरीकडे गेलेला असेल, हे पानवाल्यालाही ठाऊक नसतं.

पहिले काही दिवस त्यांनी दोन्ही करून पाहिलं. पहाटे तीनला बाजारात गोण्या, सातला रुग्णालयात हजेरी, दुपारी तीनला सुटका. झोप चार तासांची, तीही तुकड्यांत. आठव्या दिवशी वॉर्डात पुसताना ते भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपले आणि सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं. त्याच आठवड्यात एका मोठ्या लग्नाचं केटरिंग होतं, रोख ५०० आणि जेवण. दादा तिकडे गेले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

सुपरवायझरला दिसलं ते एवढंच, की माणूस न सांगता गेला. त्याच्या वहीत तो 'पळून गेलेला' म्हणून नोंदला गेला आणि पुढच्या बेघर अर्जदाराकडे बघण्याची नजर तिथेच ठरली.

गिरणगावाला हे ठाऊक होतं

हा प्रश्न मुंबईला नवा नाही, आणि या शहराने एके काळी तो स्वतःच्या पद्धतीने सोडवला होता. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेला गडी उतरायचा तो गावकीच्या खोलीवर. लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष, पाळ्यांनुसार झोपणारे. महिन्याची वर्गणी थोडी. भिंतीला लावून प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक. जेवण खाणावळीत, आणि खाणावळीचा हिशेब पगारावर. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायका महिनाभर आधी जेवू घालायच्या आणि मग पैसे घ्यायच्या. त्यासाठी त्या स्वतः सावकाराच्या व्याजात अडकायच्या. त्यातूनच प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. धोबीतलावाला गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे गावकीच्या अशाच खोल्या होत्या, तिथे बोटीवर नोकरी लागेपर्यंत खलाशाची पेटी आणि माणूस दोन्ही राहायचे.

खोलीत हाल होते, ढेकूण होते, हवा नव्हती. त्या दिवसांचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. पण पत्र यायला पत्ता, ट्रंक ठेवायला भिंत आणि पहिल्या पगारापर्यंत ताट, एवढं त्या खोलीने आणि खाणावळीने मिळून दिलं होतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खाणावळी आटल्या. मराठवाड्यातून नंतर आलेल्या दादांसारख्यांच्या वाट्याला गावकीची खोली आलीच नाही.

आज ती जागा घेऊ शकेल असं काही असेल तर तो रात्र निवारा. २०२४ मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिलेल्या निकषाप्रमाणे १ लाख लोकवस्तीमागे एक कायमस्वरूपी, चोवीस तास उघडा निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे. प्रत्यक्षात आपण त्याच्या जवळपासही नाही. आणि जे आहेत त्यांच्याकडे झोपायची जागा म्हणूनच पाहिलं जातं, कामाला जाण्याची पायरी म्हणून फारसं कोणी पाहत नाही.

कायद्याच्या बाजूनेही दोन टोकं आहेत. १९८१ साली फुटपाथवरच्यांना हुसकावण्याचा निर्णय झाला, पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणसं फुटपाथवर राहतात ती काम जवळ असतं म्हणून. त्याच निकालात नोटीस देऊन हटवण्याची मुभाही राहिली. दुसरीकडे १९५९ चा भीक प्रतिबंध कायदा महाराष्ट्रात अजून आहे. उपजीविकेचं उघड साधन नसलेला आणि भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणारा किंवा थांबलेला माणूस त्याच्या व्याख्येत बसू शकतो आणि त्याला वॉरंटशिवाय पकडता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. दादांना एकदा याच संशयावरून हटकलं होतं. हातावर गोण्यांचे घट्टे दाखवून ते सुटले. कामाचा दुसरा पुरावा त्यांच्याकडे नव्हता.

तिसरी वेळ

या वेळी आम्ही नोकरीच्या आधी तीन गोष्टी जुळवल्या. एका फूलविक्रेत्याने आपल्या गाळ्याच्या माळ्यावर दादांची कुलपाची पेटी ठेवू दिली. निवाऱ्यात खाट होतीच. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरली: नव्या कंत्राटदाराच्या सुपरवायझरने दर शनिवारी १,००० रुपये खर्ची, म्हणजे झालेल्या कामापोटी हातखर्चाचे पैसे, द्यायचं कबूल केलं. बांधकामावर, ऊसतोडीला खर्ची सगळ्यांना माहीत आहे, पण रुग्णालयाच्या हाऊसकीपिंगमध्ये ती देत नाहीत. पगारातून वळती करायची, एवढाच व्यवहार. हे कर्ज नव्हतं हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. शनिवारपर्यंत दादांनी सहा दिवस काम केलेलं असे आणि त्याचे अडीच-तीन हजार कंपनीकडेच असत. उधार कोण कोणाला देत होतं, हे त्यावरून ठरवावं.

रुजू होण्याची तारीखही आम्ही मागून घेतली, महिन्याची २१. त्यामुळे पुढच्या १० तारखेला छोटा का होईना, पगार झाला, आणि ३७ दिवसांचा पल्ला वीस दिवसांवर आला. कोणाचाही पैसा न लागता होणारी ही सोय आहे, तरी ती कोणी सुचवत नाही.

अडचण आली ती निवाऱ्याकडून. दार रात्री दहाला बंद. दुसऱ्या महिन्यात दादांना दुपारी तीन ते रात्री अकराची पाळी लागली. दोन रात्री ते बाहेरच्या पायरीवर झोपले. मग रुग्णालयाकडून पाळीचं पत्र आणलं, निवाऱ्याच्या व्यवस्थापकांनी ते रखवालदाराकडे दिलं, आणि दार उघडू लागलं. चोवीस तासांचा निकष कागदावर आहे, पण तो एकेका माणसासाठी पत्र आणून मिळवावा लागतो.

दादा पुरुष आहेत, एकटे आहेत, धडधाकट आहेत. त्यांच्या शेजारी गजरे ओवणारी एक पारधी बाई आहे. तिला घरकामाची तयारी आहे, हात स्वच्छ आहे, पण "कुठे राहतेस?" या पहिल्याच प्रश्नाला दार बंद होतं. कुटुंबासाठी निवारे आणखी कमी. नवऱ्याला एकीकडे, तिला आणि मुलीला दुसरीकडे जावं लागेल म्हणून ती जातच नाही. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जमातीसाठी १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आज्या-पणज्यांना इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवून पालं हलवत ठेवलं, त्यांनी तो कुठून आणायचा? तिचं प्रकरण दादांच्या पद्धतीने सुटणार नाही, ते स्वतंत्रपणे लिहायला हवं.

दादांना आता सात महिने झाले. खर्ची त्यांनी तिसऱ्या महिन्यापासून घेतली नाही, गरजच उरली नाही. कुर्ल्याला चौघांच्या खोलीत खाट भाड्याने घ्यायची आहे, अनामतीचे पैसे जमताहेत. पहाटेची जाग मोडलेली नाही. सुटीच्या दिवशी ते अजून बाजारात जातात आणि दसऱ्याच्या आदल्या रात्री सुटी टाकून गेले.

खर्ची मात्र त्या एका सुपरवायझरच्या शब्दावर चालली होती. त्याची बदली झाली. त्यानंतर त्याच फुटपाथवरून आम्ही आणखी दोघांना तिथे पाठवलं, नव्या सुपरवायझरने "असं आमच्याकडे नसतं" म्हणून सांगितलं, आणि दोघांपैकी एक जण तिसऱ्या आठवड्यात पुन्हा रोजंदारीच्या नाक्यावर आला. रुजू होण्याच्या पत्रातच पहिल्या दोन महिन्यांची आठवड्याची खर्ची लिहून द्यावी, अशी लेखी मागणी आता आम्ही कंत्राटदाराकडे आणि रुग्णालयाच्या प्रशासनाकडे केली आहे. सोबत दादांच्या सात महिन्यांच्या हजेरीची प्रत जोडली आहे. दोघांकडूनही अजून उत्तर आलेलं नाही.